‘माझं ऊन गेलं’: महालातल्या एका गल्लीचं प्रकरण

श्रावणातला तिसरा रविवार. आठवडाभर लागलेली झड आदल्या रात्री थांबली आणि सकाळी लख्ख ऊन पडलं. नागपूरच्या जुन्या महाल भागात, चितारओळीला (मूर्ती घडवणाऱ्या चितारांच्या वस्तीला) लागून असलेल्या आमच्या गल्लीत त्या दिवशी आम्ही दिवसभराचा कार्यक्रम ठेवला होता. तोंडाशी मंच, वर पताका, दोन्ही बाजूंना टेबलं, खाण्याचे ठेले, संध्याकाळी गाणी. ऊन पाहून सगळ्यांना हायसं वाटलं. गर्दीही छान झाली. रात्री टेबलं आवरताना समोरच्या ओट्यावर बसलेले मूर्तिकार काकाजी मला म्हणाले, “ताई, कार्यक्रम चांगला झाला जी तुमचा. पण माझं ऊन गेलं.”

गल्ली पुन्हा नांदती करायला निघालेल्या आमच्या गटाची नोंदवही पहिल्या बैठकीपासून माझ्याकडे आहे. त्या रविवारच्या पानावर मी ‘उत्तम प्रतिसाद’ असं लिहून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी ते खोडलं. हे प्रकरण त्या खोडलेल्या ओळीपासून सुरू होतं.

ऊन गेलं म्हणजे काय, ते आधी सांगते. गणपती दोन आठवड्यांवर आले होते. मातीची मूर्ती घडवली की लगेच उन्हात ठेवत नाहीत, तडकते. आधी काही दिवस सावलीत सुकू द्यायची, मग ऊन दाखवायचं, पडलेल्या भेगा ओल्या मातीने बुजवायच्या, पुन्हा सुकवायची. अंगातला ओलावा पुरता गेल्याशिवाय पांढरा हात, म्हणजे रंगाआधीचा पांढरा थर, देता येत नाही आणि पांढऱ्या हाताशिवाय रंग चढत नाही. घाईने चढवला तर पोपडे धरतो. घरं अरुंद, मूर्ती शेकड्याने, त्यामुळे चितार लोकांचं अंगण म्हणजे समोरचा रस्ता. झड उघडली की सगळ्या घरांतून पाटांवर मूर्ती बाहेर येतात, आणि ऊन सरकेल तसे पाट सरकतात. त्या रविवारी रस्त्यावर आमची टेबलं होती. काकाजींच्या मूर्ती आतच राहिल्या. सोमवारी पुन्हा झड लागली. मग हॅलोजनचे दिवे आणि पंखे लावून रात्री जागवाव्या लागल्या, विजेचं बिल वाढलं, आणि काही मूर्तींच्या मागच्या बाजूला भेगा राहिल्याच.

काकाजी आधी का बोलले नाहीत, असं गटातल्या एकाने विचारलं. बैठका आम्ही संध्याकाळी सातला घेत होतो. श्रावणात त्या वेळी त्यांचे हात कोपरापर्यंत मातीत असतात. आणि मंच बांधणारी पोरं त्यांच्याच शेजारची. शेजाऱ्याला नाही म्हणणं महालात फार अवघड.

गल्ली ओस कशी पडली

माझं माहेर या गल्लीतलं. मी राहते मनीषनगरला. हे सांगणं गरजेचं आहे, कारण गटातले निम्मेअधिक लोक माझ्यासारखेच होते: इथे जन्मलेले, आता दुसरीकडे राहणारे. आमच्या डोळ्यांसमोर लहानपणची गल्ली होती. आजची गल्ली कशावर चालते, हे आम्हाला पुरतं ठाऊक नव्हतं.

देवगडच्या गोंड राजांनी, बख्त बुलंद शाह यांनी, १७०२ च्या सुमारास बारा लहान वस्त्या जोडून नागपूर वसवलं. चांद सुलतान यांनी त्याला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. तोच आजचा गांधीसागर, आणि जुम्मा दरवाजा म्हणजे आताचं गांधीद्वार. पुढे भोसल्यांच्या काळात महाल राजधानीचं हृदय झालं. बाजारांना वारांची नावं मिळाली: इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी. धंद्यांच्या ओळी वसल्या. १८६७ मध्ये रेल्वे आली, १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि जुन्या शहराला पगारी गिऱ्हाईक मिळालं.

ते गिऱ्हाईक गेलं, ही पहिली गोष्ट. मिल बंद पडली, तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. १९५६ ला मध्य प्रदेशाचं राजधानीपण गेलं ते वेगळंच. धान्याचा बराचसा ठोक व्यापार कळमन्याला गेला. पोरं शिकली, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर, बेसा अशी पसरत गेली. आमच्या गल्लीत तळमजल्याला गोदामं वाढली आणि वरचे मजले रिकामे झाले. रात्री नऊनंतर शटर पडली की माणसाचा आवाज नाही. वाड्यांच्या छपऱ्यांवरचे कवेलू (कौलं) सरकलेले, पावसाचं पाणी थेट लाकडात.

दुरुस्ती का होत नाही, यावर बाहेरचे लोक लगेच ‘अनास्था’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. एका वाड्याची आखीव पत्रिका (मिळकतीचा सरकारी उतारा) काढून पाहिली तर तीन पिढ्यांचे वारस नोंदलेले, काहींची नावं अजून चढलेलीच नाहीत. एक पुण्याला, एक रायपूरला, दोन बहिणी बोलत नाहीत. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय कर्ज नाही. खाली भाडेकरू दुकानदार, भाडं आजोबांच्या काळात ठरलेलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडं वर्षाला चार टक्के वाढवता येतं, पण मूळ रक्कमच इतकी लहान की चार टक्क्यांत कवेलूही येत नाहीत. दुरुस्ती मालकाने करायची, हे त्याच कायद्यात आहे. मालकाने नाही केली तर नोटीस देऊन भाडेकरू करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत खर्च कापून घेऊ शकतो. त्या चौथ्या हिश्शात गवंड्याची एका दिवसाची मजुरी निघत नाही. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि दोघांचंही म्हणणं खरं असतं.

पहिला रविवार

आम्ही सुरुवात केली ती कार्यक्रमाने, कारण कार्यक्रम जमवणं सोपं असतं. त्यात चुका किती झाल्या, हे नोंदवही पुन्हा वाचताना दिसलं.

काकाजींचं ऊन ही एक. दुसरी मला जास्त बोचते. गल्लीच्या तोंडाशी एक बाई सांबार, हिरव्या मिरच्या, पालक घेऊन बसतात. (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) कितीतरी वर्षांची त्यांची जागा. मंचाला जागा हवी म्हणून त्यांना ‘आजच्या दिवस’ उठवलं, आणि त्याच्याच बाजूला ‘गावरान भाजीपाला’ असा फलक लावून एका तरुणाला टेबल दिलं. पथविक्रेता कायदा २०१४ पासून आहे. त्यानुसार शहराच्या समितीत विक्रेत्यांचेच प्रतिनिधी किमान चाळीस टक्के हवेत. आमच्या बैठकीत एकही विक्रेता नव्हता. बाई दुसऱ्या दिवशी नेहमीच्या जागी आल्या, आमच्याशी नेहमीसारखंच बोलल्या. त्याने जास्तच वाईट वाटलं.

तिसरी गोष्ट लाकडी नंदी विकणाऱ्या दुकानदारांनी सांगितली. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरं लाकडी नंदी मिरवतात त्या सणाच्या, आधीचे रविवार म्हणजे त्यांच्या वर्षाच्या कमाईतले मोठे दिवस. आईबाप पोराला घेऊन येतात, लहान-मोठे नंदी जमिनीवर चालवून पाहतात, चाकं तपासतात, घासाघीस करतात. त्या दिवशी माणसं भरपूर आली, पण ती मंचाकडे तोंड करून उभी. दुकानाकडे पाठ. “गर्दी आली भाऊ, गिऱ्हाईक नाही आलं,” असं ते म्हणाले. त्यानंतर मी नोंदवहीत गर्दी आणि गिऱ्हाईक असे दोन वेगळे रकाने आखले. पहिला रकाना भरणं सोपं आहे, फोटो पाहून अंदाज येतो. दुसऱ्यासाठी प्रत्येक दुकानात जाऊन बसावं लागतं, चहा प्यावा लागतो, आणि दुकानदाराला आपल्यावर विश्वास असावा लागतो.

गल्लीचं पंचांग

गणपती झाल्यावर, पितृपक्षात, भोसल्यांच्या वाड्यात हडपक्या गणपती बसतो त्या दिवसांत, आम्ही पुन्हा बैठक घेतली. या वेळी काकाजींच्या ओट्यावर, दुपारी तीनला. दुकानदार, भाजीवाल्या बाई, हातठेला ओढणारे दोन हमाल, वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी, सगळे आले. काही ठरवायचं नाही, फक्त प्रत्येकाने आपलं वर्ष सांगायचं, एवढंच ठरलं होतं.

त्या दुपारी जे कळलं ते मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. माती उन्हाळ्यात भिजते. ज्येष्ठापासून घडवणं. श्रावणात सुकवणं आणि रंग. श्रावण अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत (ईडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक), चौथ्या दिवशी हरितालिका, पाचव्या दिवशी गणपती. सगळ्या जुन्या नागपूरचं वर्ष त्या चार-पाच दिवसांच्या चिमटीत येतं. पाठोपाठ नवरात्रीच्या देवी, मग दिवाळीच्या लक्ष्मी आणि डोक्यावर दिवे घेतलेल्या ग्वालिणी. मार्गशीर्ष-पौषात मात्र हात रिकामे. “थंडीत आमाले कोणी विचारत नाही ताई,” काकाजी म्हणाले. “तेव्हा या ना. तेव्हा रस्ताही मोकळा, आम्हीही मोकळे.”

श्रावणात गल्लीला आमची गरजच नव्हती. ती तेव्हा आधीच भरलेली असते. आम्ही भरलेल्या ताटात वाढायला गेलो होतो.

मारबतीचं उदाहरण कुणीतरी काढलं आणि त्यावर बराच वेळ बोलणं झालं. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. दोघी इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ भेटतात, मागून बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, त्या वर्षीच्या महागाईवर, भ्रष्टाचारावर, जे सलत असेल त्यावर. ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ या आरोळीने गल्ल्या दणाणतात, आणि शेवटी दहन. त्या दिवशी जुन्या शहरात पाय ठेवायला जागा नसते, आणि पाहुण्यांना बोलावणारा एकही फलक लागत नाही. पिवळ्या मारबतीचं काम तऱ्हाणे तेली समाज पिढ्यान् पिढ्या करतो. कामट्या कोण बांधणार, कागद कोण लावणार, खांदा कोण देणार हे आधीच ठरलेलं. बघायला येणारे लाख असोत, ती मिरवणूक तिच्या माणसांच्या कामावर उभी आहे. आमच्या मंचावर गल्लीतल्या कुणाचंच काम नव्हतं.

ओटा आणि छपरी

हिवाळ्यापर्यंत हाताशी दोन महिने होते. कुणाला तरी वाटलं की सगळ्या गल्लीच्या भिंती एका रंगात रंगवाव्यात, वर चित्रं काढावीत. मी विरोध केला. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट म्हणजे ओल आत कोंडणं, आणि चितारांच्या गल्लीत बाहेरून चित्रकार आणणं तर मला अपमानच वाटला. वाद झाला, दोघं गट सोडून गेले, एक परत आले.

त्याऐवजी एक ओटा आणि त्यावरची छपरी दुरुस्त करायची ठरली. वाडा कुणाचा, ते सांगत नाही. सगळ्या वारसांच्या सह्या मिळणं शक्य नव्हतं, पण भिंत, मजला, छत अशा मोठ्या कामाला हात न लावता ओटा आणि सरकलेले कवेलू नीट करण्याला तिघांनी लेखी हो म्हटलं, बाकीच्यांनी फोनवर ‘करा’ म्हटलं. भाडेकरू दुकानदारांनी वाळू आणि मजुरी दिली. हा तोडगा कायद्यात कुठे लिहिलेला नाही. नात्यांवर निघाला. गल्लीत मी अजून ‘त्यांची पोरगी’ आहे, त्याचा एवढा उपयोग झाला.

भिंत जुन्या पातळ विटांची, चुन्यात बांधलेली. खालचा तीन फूट भाग कुणीतरी सिमेंटने गिलावा केलेला. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, म्हणून जमिनीतली ओल वर चढत गेली आणि सिमेंटच्या वरच्या कडेला विटांचा भुगा झालेला. गवंडी म्हणाले, आधी हे सोलून काढू, मग भिंतीला श्वास घेऊ द्या, घाई नाही. चुन्याचं काम येणारा माणूस शोधायलाच आम्हाला कितीतरी दिवस लागले. ते आले भंडारा रस्त्याकडून, वय सत्तरीच्या आसपास, सोबत नातू. कळीचा चुना हौदात विझवून मुरत ठेवला. वाळू आणि सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, चाळून घेतली. बेलफळाचा गर आणि गुळाचं पाणी मिश्रणात गेलं. त्याने चुना चिकट होतो, सावकाश धरतो, भेगा पडत नाहीत. गिलावा थोपटून थोपटून बसवायचा आणि रोज पाणी मारायचं. सिमेंटचं काम दोन दिवसांत उरकलं असतं. याला महिना लागला.

त्या महिन्यात रोज कुणी ना कुणी उभं राहून बघायचं. शाळेतून येणारी पोरं बेलफळं फोडायला बसायची. दोन घरांनी आपल्याच भिंतीचं सिमेंट सोलून पाहिलं. गवंड्यांच्या नातवाला त्याच गल्लीत आणखी एक काम मिळालं. माझ्या मते गल्लीचा खरा उत्सव तो महिना होता, जरी त्याची एकही जाहिरात झाली नाही.

छपरी नीट झाल्यावर काकाजींनी लगेच ओळखलं की ती मूर्तींच्या सावलीतल्या सुकवणीसाठी बरोबर आहे: वारा खेळतो, ऊन थेट येत नाही, झडीचं पाणीही नाही. वाड्याच्या मालकांनी पुढच्या हंगामासाठी ती त्यांना द्यायचं मान्य केलं.

थंडीतले रविवार

मार्गशीर्षात आम्ही सलग चार रविवार सकाळी आठ ते अकरा असे ठेवले. मंच नाही, ध्वनिक्षेपक नाही. माल उतरवणाऱ्या गाड्या अकरानंतर येतील असं हमाल आणि गोदामवाल्यांनी आपसात ठरवलं. भाजीवाल्या बाई आपल्या जागी. गल्लीतल्या पाच घरांतून तर्री पोहे, सांबारवडी, पाटोडी, आणि पैसे ज्याचे त्याला. चितारांच्या घरांत पोरांना माती मळायला, बोटांनी सोंड ओढायला आणि मूर्तीचे डोळे काढायला शिकवणं, त्याची फी थेट चितारांना. डोळे सगळ्यात शेवटी काढतात आणि तोपर्यंत काकाजी कुणाला बोलू देत नाहीत, हे पोरांना फार आवडलं.

माणसं कशी येतील ही काळजी होती, कारण गाड्या लावायला जागा नाही. मेट्रोची ॲक्वा लाइन प्रजापतीनगरपर्यंत डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिच्यावर चितारओळी नावाचंच स्टेशन आहे. पश्चिम नागपुरातली कुटुंबं तिने आली, पायी गल्लीत शिरली. आजोबांनी नातवाला मेट्रोतून उतरून आपलं जन्मघर दाखवायचं, असं दृश्य मी चारही रविवारी पाहिलं, आणि एकदा मला बाजूला जाऊन डोळे पुसावे लागले.

याच रविवारी एक पायी फेरीही होती: गांधीद्वार, गांधीसागर, बडकस चौक, कोतवाली, मग गल्ली. पहिल्या फेरीत मीच बोलत होते आणि सुरुवात पहिल्या रघुजी भोसल्यांपासून केली. मागे उभे असलेले एक वयस्क गृहस्थ शांतपणे म्हणाले, “गाव तर आमच्या राजानं वसवलं बाई.” ते गोंड समाजातले होते. त्यांचं बरोबर होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या रविवारपासून फेरी महालातल्या गोंड राजांच्या किल्ल्यापासून निघाली आणि पहिला अर्धा तास तेच बोलले.

दुकानदारांचा रकाना? पूजेच्या सामानाच्या दुकानात थोडी विक्री वाढली. नंदीवाल्यांची नाही, कारण थंडीत लाकडी नंदी कोण घेणार. पण त्यांनी एक केलं: आलेल्या आईबापांचे फोन नंबर लिहून घेतले आणि पोळ्याच्या आधी निरोप धाडले. त्याचा उपयोग झाला असं ते सांगतात. दोन गोदामवाल्यांना रविवार अजूनही नको आहेत. वरच्या मजल्यावरच्या आजी चौथ्या रविवारी खाली आल्या नाहीत, आवाजाने झोप मोडते म्हणाल्या. त्यांच्या खिडकीखालचं टेबल आम्ही हलवलं.

बायकांसाठी स्वच्छतागृहाचा अर्ज आम्ही तीनदा दिला. संबंधित कार्यालयात तो कधी या टेबलावर, कधी त्या. येणाऱ्या बायका आणि दिवसभर दुकानात उभ्या राहणाऱ्या मुली अजून गल्लीतल्या घरांचंच दार ठोठावतात. हे न सुटलेलं आहे, आणि माझ्या दृष्टीने पताकांपेक्षा शंभरपट महत्त्वाचं आहे. आखीव पत्रिकांचा गुंताही तसाच. एका वाड्याच्या वारसांना एकत्र बसवता आलं, बाकीच्यांना नाही. गटातले एक निवृत्त वकील आठवड्यातून एक संध्याकाळ वारसनोंदीचे कागद तपासून देतात. त्या संध्याकाळी ओट्यावर रांग असते.

या वर्षीचा श्रावण

या वर्षी श्रावणात आमचा कुठलाही कार्यक्रम नाही. झड उघडली की गटाच्या फोनवर निरोप येतो, आणि ज्यांना जमेल ते गल्लीच्या दोन्ही तोंडांशी उभे राहतात. मोटारसायकलवाल्यांना हात जोडून मागच्या रस्त्याने पाठवायचं, एवढंच काम. अकरा ते दोन. काल माझी पाळी होती. छपरीत लहान मूर्ती सावलीत, रस्त्यावर मोठ्या उन्हात. काकाजी दर थोड्या वेळाने येऊन पाट फिरवत होते, पाठीवर टकटक करून ओल बघत होते. एका पोराला घाई होती, हॉर्न वाजवत होता. भाजीवाल्या बाईंनी जागेवरूनच त्याला सांगितलं, “काऊन ओरडून रायला रे बाप्पा, गणपती सुकून रायले न!” तो उतरला आणि गाडी ढकलत मागे फिरला.